कोपऱ्यातला अनुस्वार: स्वस्त आणि महाग वाइड झूमची तपासणी

कॅननने १३ मे २०१४ या एकाच दिवशी दोन वाइड झूम, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्स जाहीर केल्या. एक ईएफ-एस १०-१८ मिमी एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम, अमेरिकेतली तेव्हाची किंमत २९९ डॉलर. दुसरी ईएफ १६-३५ मिमी एफ/४ एल आयएस यूएसएम, ११९९ डॉलर. (मिमी जितके कमी तितकं दृश्य रुंद, एफ/ चा आकडा जितका लहान तितकं प्रकाशाचं छिद्र मोठं, एल म्हणजे कॅननची महाग मालिका, आयएस म्हणजे कंप रोखणारं स्थिरीकरण.) कंपनी तीच, दिवस तोच, किंमत मात्र चौपट. तुलनेला याहून सोयीची जोडी मिळणं कठीण. त्यात आणखी एक सोय अशी की कॅननचा क्रॉप (३६ मिमी रुंद फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) १.६ चा आहे. १० ला १.६ ने गुणलं की १६. म्हणजे स्वस्त लेन्स क्रॉप बॉडीवर (कॅमेऱ्यावर) आणि महाग लेन्स फुल फ्रेमवर लावली की रुंद टोकाला दोघींना जवळजवळ तेवढंच दिसतं: एकीला साडे १०७ अंश, दुसरीला १०८ च्या किंचित वर. लांब टोकाला १०-१८ साधारण २९ पाशी थांबते, दुसरी ३५ पर्यंत जाते.

बॉडी घेतल्या कॅननच्याच ८०डी (क्रॉप) आणि ६डी मार्क २ (फुल फ्रेम). पहिली २४ मेगापिक्सेल, दुसरी २६, म्हणजे फोटोचा आकार सारखाच म्हणायला हरकत नाही. सेन्सर मात्र सारखा नाही. ८०डीचे ६००० पिक्सेल साडेबावीस मिलिमीटरांत बसवलेत, ६डी मार्क २ चे ६२४० पिक्सेल जवळपास ३६ मिलिमीटरांत. एकाचा पिक्सेल पावणेचार मायक्रॉनचा, दुसऱ्याचा पावणेसहाचा. म्हणून स्वस्त लेन्सला दर मिलिमीटरमागे दीडपट बारीक तपशील उतरवावा लागतो. परीक्षेचा पेपर तिला जास्त अवघड आहे, हे निकाल वाचताना विसरायचं नाही.

'चांगली लेन्स आधी घेऊ, बॉडी नंतर बघू' असं म्हणत १६-३५ क्रॉप बॉडीवर लावणारे पुष्कळ आहेत. तिथे तिची २५.६-५६ होते. लेन्स उत्तमच, पण वाइड उरत नाही. उलट १०-१८ फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. कॅननच्या नव्या आरएफ मालिकेच्या फुल फ्रेम मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) अडॅप्टर लावून बसते, पण कॅमेरा क्रॉपमध्ये जातो आणि ४५ मेगापिक्सेलचे सतराच्या आसपास राहतात. म्हणजे ही तुलना दोन लेन्सची नाही, दोन संचांची आहे. ८०डी आणि १०-१८ मिळून ९७० ग्रॅम, ६डी मार्क २ आणि १६-३५ मिळून १३८० ग्रॅम. गडावर चढताना ४१० ग्रॅमचा फरक पहिल्या तासाभरात कळत नाही, नंतर कळतो.

तपासणीसाठी गिलावा न केलेली विटांची भिंत निवडली. दोन मीटरवरून १० मिमीला साडेचार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भिंत फ्रेममध्ये येते. बसलेल्या उंचीवरून हे जमत नाही, ट्रायपॉड दीड मीटरपर्यंत उघडावा लागतो. मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत मराठी वर्तमानपत्राची पहिली पानं मास्किंग टेपने चारही कडांना ताणून लावली. चाचणीचे तक्ते विकत मिळतात, पण ते एवढे मोठे नसतात, आणि देवनागरी मथळा त्यांच्यापेक्षा जास्त बोलतो. या अंतरावर एक मिलिमीटरला सुमारे १.३ पिक्सेल मिळतात. दीड सेंटिमीटर उंचीचं मथळ्याचं अक्षर वीस पिक्सेलचं होतं, त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार चार पिक्सेलांचा. लेन्स कमी पडली की आधी हा अनुस्वार जातो, मग रफार आणि वेलांटीचं टोक, शेवटी अक्षर. कोपऱ्यातला अनुस्वार गोल आहे, लांबट आहे की गायब, एवढं पाहिलं तरी अर्धी परीक्षा होते.

कॅमेरा भिंतीला काटेकोर समांतर नसेल तर एक बाजू सॉफ्ट (धूसर) येते आणि दोष उगाच लेन्सला लागतो. डोळ्याने समांतर लावल्यावर दोन-तीन अंशांची चूक सहज राहते, आणि कॅमेऱ्यातला लेव्हल डावीकडे-उजवीकडे फिरलेली बॉडी पकडत नाही. उपाय स्वस्त आहे: भिंतीच्या मधोमध चहाच्या बशीएवढा सपाट आरसा चिकटवायचा. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, दहापट मोठं करून पाहिलं की आरशात लेन्सचं काळं वर्तुळ दिसतं. ते बरोबर फ्रेमच्या मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉड हलवायचा. आरसा भिंतीला घट्ट टेकलेला हवा. एका बाजूला टेपचा दुमडलेला गोळा राहिला की आरसा तिरका होतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

पुढचं सगळं शिस्तीचं काम. आयएसओ १००, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, लाइव्ह व्ह्यूत मध्यावर फोकस, मग लेन्स मॅन्युअलवर, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेऱ्यातलं कडांच्या अंधाराचं, रंगकडांचं आणि डिस्टॉर्शनचं (रेषा वाकण्याचं) करेक्शन बंद. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमधला लेन्स प्रोफाइलही बंद, नाहीतर लेन्सऐवजी सॉफ्टवेअरची परीक्षा होते. १०-१८ ला १०, १४ आणि १८ वर, दुसरीला १६, २२ आणि २८ वर. छिद्र पूर्ण उघडं, मग ५.६, ८, ११, १६. प्रत्येक जागी तीन फ्रेम, प्रत्येक वेळी फोकस मोडून पुन्हा लावायचा. १८ वर पूर्ण उघडंच ५.६ असल्याने एक पायरी कमी होते, म्हणून एका लेन्सच्या ४२ आणि दुसरीच्या ४५ फ्रेम. ऊन भिंतीवर यायच्या आत हे उरकावं लागतं.

फ्रेमचा पहिला संच टाकून द्यावा लागला. आयएस चालू राहिला होता. ट्रायपॉडवर कंप नसतानाही स्थिरीकरणाचा भाग आतल्या आत हलतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या फ्रेममध्ये प्रत्येक अनुस्वाराला शेजारी दुसरा पुसट अनुस्वार आला होता. दोन्ही लेन्सवर आयएसचं बटण बाजूलाच असतं, ते बंद करून बटणावर टेपचा तुकडा लावलेला बरा.

निकालाचं सांगायचं तर मध्यभागी भांडण नाहीच. १०-१८ एफ/४.५ ला मध्यावर इतकी स्वच्छ आहे की किंमत पाहून तिला नाव ठेवता येत नाही. कोपऱ्यात मात्र मथळा वाचता येतो आणि अनुस्वार बाहेरच्या कोपऱ्याकडे ओढल्यासारखा लांबट होतो, एका बाजूला जांभळट आणि दुसऱ्या बाजूला हिरवट कड घेऊन. ५.६ ला फार फरक नाही. ८ ला अनुस्वार पुन्हा ठिपका होतो. ११ ला कोपरा आणखी थोडा सुधारतो, पण मधला भाग किंचित मऊ पडू लागतो. १६ ला सगळंच मऊ. रंगाची कड छिद्र लहान केलं तरी जात नाही, कारण ती पार्श्विक असते, म्हणजे कडेला वेगवेगळे रंग किंचित वेगळ्या आकारात उमटल्याने येते. पण सॉफ्टवेअरात एका टिकमार्कने जाते, म्हणून तिची फार काळजी नको.

१६-३५ चा कोपरा एफ/४ लाच बसलेला दिसतो. अनुस्वार गोल, फक्त पान अंधारात ठेवल्यासारखं, कारण पूर्ण उघड्या छिद्राला कडांचा अंधार तिलाही चुकत नाही. ५.६ ला तो बराच उजळतो. ८ ला सर्वांत उत्तम, आणि ११ ला मध्यावर काही गमावल्याचं डोळ्याला दिसत नाही. याचं कारण लेन्सपेक्षा सेन्सरमध्ये आहे. विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरून होणारा, ठिपका एफ/१६ ला सुमारे २१ मायक्रॉनचा होतो. ८०डीवर तो साडेपाच पिक्सेल झाकतो, ६डी मार्क २ वर पावणेचार. म्हणून क्रॉपवर ११ च्या पुढे जायचं नाही, फुल फ्रेमवर १६ पर्यंत चालतं.

इथे एक हिशेब बरेच जण चुकवतात. १० मिमीला एफ/४.५ वर जेवढी खोली फोकसमध्ये येते, तेवढीच १६ मिमीला यायला फुल फ्रेमवर एफ/७.१ लावावं लागतं. निसर्गचित्राला दोघांनाही सगळं स्पष्ट हवं असतं, मग खरी लढत ४.५ विरुद्ध ४ अशी नसून ५.६ विरुद्ध ९ आणि ८ विरुद्ध १३ अशी लागते. तशी लावली की कोपऱ्यातला फरक उरतो, पण आकसतो. दोन्ही फाइल १२ बाय १८ इंचांत छापून हात लांब करून पाहिल्या, तर मध्यभागावरून कुठली कोणती ते ओळखता येत नाही. कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितलं तर येतं.

१८ आणि २८ ला अंतर आणखी कमी होतं. स्वस्त वाइड झूमची सगळी ओढाताण रुंद टोकाला असते.

कोपरा सॉफ्ट दिसला म्हणजे लेन्स वाईट असं लगेच ठरवायचं नाही. आधी फोकसचं प्रतल वाकलंय का ते पाहायचं. मध्यावर फोकस करून एक फ्रेम, मग लाइव्ह व्ह्यूचा चौकोन कोपऱ्यात नेऊन तिथे फोकस करून दुसरी. दुसरीत कोपरा स्पष्ट झाला तर तो वक्रतेचा दोष, आणि दूरच्या डोंगररांगेत तो बहुधा दिसणारही नाही. १०-१८ मध्ये अशा फेरफोकसने थोडा भाग परत मिळतो, पण पूर्ण नाही. १६-३५ मध्ये फरक इतका कमी पडतो की चाचणी थांबवली तरी चालेल.

दुसरा दोष तिरकेपणाचा, म्हणजे आतली एखादी भिंग-जोडी अक्षातून सरकलेली असणं. दुसऱ्याच एका कंपनीच्या जुन्या, उसन्या आणलेल्या लेन्सवर तो ठळक सापडला. उजवा खालचा कोपरा ११ लाही धूसर, बाकी तीन ठीक. भिंतीवर अशी शंका आली की भिंत सोडून लांबचा मोबाइल टॉवर घ्यायचा. तो आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणायचा, प्रत्येक वेळी तिथेच फोकस करायचा आणि चार तुकडे शेजारी ठेवायचे. आता समांतरपणाचा प्रश्नच येत नाही, कारण टॉवर एकच आहे. चारांतला एकच तुकडा वाईट असेल तर दोष लेन्सचाच. दुकानाच्या दारात उभं राहूनही ही तपासणी पाच मिनिटांत होते. वाइड लेन्स घेताना तेवढी तरी करावीच.

आता भिंतीवर न दिसणारे फरक. माउंटकडे पाहा: १०-१८ चं प्लास्टिकचं, १६-३५ चं धातूचं. २४० ग्रॅमच्या लेन्सला प्लास्टिकचं माउंट पुरतं, त्यावरून तिला हिणवण्यात अर्थ नाही. महत्त्वाची आहे ती माउंटभोवतीची काळी रबरी रिंग. १६-३५ ला ती आहे, १०-१८ ला नाही. शिवाय १६-३५ चं पुढचं भिंग झूम करताना नळीच्या आतच पुढे-मागे होतं, त्यामुळे पुढे ७७ मिमीचा फिल्टर चढवल्याशिवाय तिचं सीलिंग पूर्ण होत नाही. पावसात एल लेन्स आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांच्या लेन्समध्ये पाणी शिरतं ते बहुधा याच वाटेने. जुलैत माळशेज किंवा ताम्हिणीत काम असेल तर पैसे या रबराला आणि फिल्टरला मोजलेत असं समजा. १०-१८ वर शॉवर कॅप आणि रबरबँड चालतो, पण झूमची रिंग ओल्या हाताने फिरवायची नाही.

धुकं आणि बुरशीपुढे मात्र दोघी सारख्याच. एसी गाडीतून थेट बाहेर काढली की काच पांढरी होते. पिशवी बंद ठेवून वीस-तीस मिनिटं थांबायचं. पुसायचं नाही, कारण काच थंड आहे तोवर थर पुन्हा बसतो. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान.

लेण्यांत निकाल वेगळा लागतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही. म्हणजे हातात धरून, अंधारात. दोन्ही लेन्सला चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) आयएस आहे. श्वास सोडून, कोपर खांबाला टेकवून पाव सेकंदाला चारांतल्या तीन फ्रेम स्थिर येतात. कॅननचीच १६-३५ एफ/२.८ एल मार्क ३ (२०१६) या दोघींपेक्षा कितीतरी महाग, ७९० ग्रॅमची, आणि तिला आयएस नाही. तिचं छिद्र १०-१८ पेक्षा सव्वा स्टॉपने मोठं आहे, पण हातात पंधरांश सेकंदाखाली भरवसा राहत नाही. हलत नसलेल्या मूर्तीसमोर स्वस्त लेन्सचं शटर त्याहून दोन स्टॉप जास्त वेळ उघडं ठेवता येतं, म्हणजे छिद्राचा तोटा वजा करूनही अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त प्रकाश मिळतो. क्रॉप सेन्सरचा नॉइज (दाणेदारपणा) तो फायदा खाऊन टाकतो, तरीही हिशेब बरोबरीच्या जवळपास राहतो. माणसं फिरत असतील तर हा फायदा संपला, तिथे २.८ च हवं.

वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात कातळाची कड वर आणि सूर्य तिच्या काठावर असा प्रसंग सकाळी हमखास येतो. तिथे १६-३५ चं लेपन (काचेवरचा चमक रोखणारा थर) उजवं ठरतं. काळ्या कातळावर राखाडी पडदा येत नाही, एक-दोन लहान ठिपके येतात. १०-१८ ला सावलीतला काळा थोडा उडतो. तिचा हूड (पुढे लावायची सावलीची कडी) डब्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि वाइड लेन्सचा हूड तसाही उथळ असतो. सूर्य फ्रेमच्या अगदी बाहेर असेल तर हूडपेक्षा हाताचा पंजा उपयोगी, फक्त बोटं कोपऱ्यात येत नाहीत ना ते पाहायचं. सूर्याचे किरण हवे असतील तर छिद्राच्या पात्या मोजा: सात पात्यांचे चौदा किरण, नऊंचे अठरा. १०-१८ चे चौदा विरळ आणि जाड येतात. आम्हाला तेच जास्त आवडतात, पण हा आवडीचा भाग झाला.

कासच्या पठारावर दोघी बरोबरीत. १०-१८ सेन्सरपासून २२ सेंटिमीटरवर फोकस करते, १६-३५ २८ वर. कमाल मोठेपणा ०.१५ आणि ०.२३. आकडे वेगळे दिसतात, पण सेन्सरच्या रुंदीने भागलं तर दोन्हीकडे फ्रेममध्ये साधारण १५ सेंटिमीटरचा पट्टा मावतो. तेरड्याचा झुबका पुढे आणि मागे अख्खं आभाळ, असा फोटो दोन्हींनी तसाच निघतो. फूल काचेपासून दहा-बारा सेंटिमीटरवर असतं, म्हणून स्वतःची सावली सांभाळायची. पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) मात्र काढून ठेवायचा. एवढ्या रुंद आभाळात तो एकाच पट्ट्यात निळा गडद करतो आणि दोन्ही बाजूंना फिका ठेवतो. हा दोष पोलरायझरचाही नाही, कोनाचा आहे. पुढून मागपर्यंत स्पष्ट हवं असेल तर एफ/८ ला क्रॉपवर सुमारे ६५ सेंटिमीटरवर आणि फुल फ्रेमवर सव्वा मीटरच्या आत, एक मीटरच्या किंचित पुढे फोकस ठेवायचा. १६-३५ वर अंतराची खिडकी आहे. १०-१८ वर नाही, शिवाय एसटीएम मोटरच्या लेन्सची फोकस रिंग कॅमेरा चालू असेपर्यंतच काम करते. म्हणून हातभर अंतरावरच्या दगडावर ऑटोफोकस करून मॅन्युअलवर टाकायचं.

ताऱ्यांसाठी यांतली एकही घेऊ नये. एफ/४ ला २५ सेकंद आणि आयएसओ ६४०० म्हणजे ओढाताण. क्रॉपवाल्यांना टोकिनाची ११-१६ एफ/२.८ जास्त कामाची, स्थिरीकरण नसलं तरी, कारण रात्री कॅमेरा ट्रायपॉडवरच असतो.

आता या दोघी बहुतेक वापरलेल्याच मिळतात. घेताना मागची टोपी काढायची, छिद्र पूर्ण उघडं असतं, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारायचा आणि पुढून पाहायचं. धुळीचे कण दिसतीलच, त्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, तिथे सौदा थांबवायचा. बॉडीवर लावून शटर अर्धं दाबायचं, आयएस सुरू होताना बारीक घरघर येते आणि दृश्य क्षणभर स्थिर होतं. कटकट आवाज आला किंवा दृश्य एका बाजूला उडी मारून गेलं तर आतला भाग निसटलेला. झूम रिंग दोन्ही टोकांना नेऊन मध्ये कुठे अडते का ते पाहायचं, १०-१८ ची पुढची नळी बोटांत धरून हलते का ते पाहायचं. मग दुकानाबाहेर येऊन समोरचा टॉवर चारही कोपऱ्यांत.